जुन्या आरपीएम मीटरमधील आठ पायांची आयसी कशी ओळखावी?

पद्मिनी_महाल

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि ती अजूनही नागपुरात महालातून धरमपेठेपर्यंत विनातक्रार जाते. या गाडीत मूळचा आरपीएम मीटर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा) नसतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी भंगारातून एक जुना मीटर विकत घेतला. डायलवर ७००० पर्यंतचे आकडे आहेत, ६५०० पासून लाल पट्टा सुरू होतो, आणि कंपनीचे नाव मात्र पूर्णपणे पुसले गेले आहे. मागील बाजूस तारा जोडण्याची चार पाती असून त्यांच्याजवळ १, १५, ३१ आणि ५८ हे आकडे कोरलेले आहेत. विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे १५ला इग्निशनची तार, ३१ला बॉडी आणि १ला ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची पॉइंटकडील (वीज तोडणाऱ्या कळीकडील) बाजू जोडली, तेव्हा काटा हलला. माझा आनंद पंधरा मिनिटे टिकला.

अडचण अशी आहे की मीटर कमी फेरे दाखवतो. मेकॅनिकच्या मीटरवर इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना माझा काटा साडेपाचशेच्या आसपास थरथरत असतो, आणि त्याचा मीटर ३००० दाखवतो तेव्हा माझा २०००. आतील छोटा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टोकापर्यंत फिरवूनही काटा जेमतेम २१०० पर्यंत येतो. आयसी अर्धवट बिघडली असावी असा माझा समज आहे, म्हणून ती बदलावी असे ठरवले आहे.

बोर्डावर एकच आयसी आहे, काळी, आठ पायांची. तिच्यावर एका ओळीत दहा आकडी क्रमांक आणि त्याखाली ८२४१ असे छापलेले आहे. दहा आकडी क्रमांकाने काहीच सापडले नाही, आणि ८२४१ शोधल्यावर जी माहिती निघाली तिचा फेऱ्यांशी काहीही संबंध दिसत नाही. सीताबर्डीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन दुकानांत विचारले, तेथेही क्रमांक पाहून मान हलवली गेली. ही आयसी नेमकी कोणती आणि तिला पर्याय काय, हे कोणी सांगू शकेल का?

जुना_सोल्डर

नमस्कार. मी अनेक वर्षे रेडिओ आणि गाड्यांच्या मीटरची दुरुस्ती केली आहे, त्यामुळे आधी क्रमांकांविषयी लिहितो, कारण निम्मा गोंधळ तेथेच होतो.

८२४१ हा आयसीचा क्रमांकच नाही. ती निर्मितीची तारीख आहे: १९८२ सालचा ४१वा आठवडा. त्या काळातील बहुतेक आयसींवर अशी चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढील दोन आठवड्याचे. यात कित्येक जण फसतात. १९७४च्या आठव्या आठवड्यात बनलेल्या आयसीवर ७४०८ छापलेले असते आणि योगायोगाने ७४०८ या नावाची एक वेगळीच डिजिटल आयसी अस्तित्वात आहे. तिचे चौदा पाय असतात, म्हणून निदान पाय मोजले तरी चूक लक्षात येते. शेवटचे दोन आकडे ५३च्या वर असतील तर ती तारीख नव्हे, एवढे सहज तपासता येते.

दहा आकडी क्रमांक हा मीटर बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा भांडार क्रमांक असावा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या लाखोंच्या संख्येने आयसी घेत आणि त्यांवर स्वतःचा क्रमांक छापून मागत. आत मात्र बहुधा बाजारात सर्रास मिळणारीच आयसी असे. म्हणून क्रमांकाचा पाठलाग सोडून द्यावा आणि आयसीच्या शेजारी काय काय बसवले आहे ते पाहावे, असा माझा आग्रह आहे. तिला वीज कोठून येते, कोणत्या पायाला एकच छोटा कपॅसिटर जोडून तो जमिनीला (म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकाला, गाडीत बॉडीला) नेला आहे, काट्याची गुंडाळी कोणत्या पायावरून निघते, एवढ्या तीन गोष्टी समजल्या की ओळख जवळजवळ पटते.

तुमच्या मीटरच्या काळातील संभाव्य कुळे मोजकीच आहेत. युरोपीय मीटरांत इंटरमेटाल कंपनीची एसएके ११५ किंवा एसएके २१५ ही खास आरपीएम मीटरसाठी बनलेली आयसी भेटते. ती कॉइलकडून आलेल्या प्रत्येक ठिणगीमागे ठरावीक रुंदीचा आणि ठरावीक उंचीचा एक ठोका काट्याच्या गुंडाळीला देते. काटा जड असल्याने त्याला प्रत्येक ठोका वेगळा जाणवत नाही, तो त्यांची सरासरी दाखवतो. ठोके दुप्पट झाले की सरासरी प्रवाह दुप्पट आणि काटा दुप्पट पुढे, इतका सरळ हिशेब आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या काही मीटरांत हेच काम ५५५ नावाची आयसी करते, जी सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ साली बाजारात आणली. तिच्या ठोक्याची रुंदी बाहेरील रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराच्या १.१ पट असते.

तिसरे कूळ नॅशनल सेमिकंडक्टरच्या एलएम २९०७ आणि एलएम २९१७ या जोडीचे. यांत ठोक्यांचे रूपांतर थेट व्होल्टेजमध्ये होते आणि तेथून पुढे काटा हलवला जातो. या दोन्ही आयसी आठ आणि चौदा अशा दोन्ही पायसंख्यांत मिळतात, आणि दोघींतील मुख्य फरक असा की २९१७च्या पोटात सुमारे ७.५६ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा डायोड) असतो.

आपण मल्टिमीटर घेऊन पुढील गोष्टी मोजून सांगा. आयसीच्या खाचेच्या डाव्या बाजूचा पाय पहिला, तेथून खाली जाऊन उलट बाजूने वर यायचे, म्हणजे पहिल्याच्या समोरचा पाय आठवा. प्रत्येक पायाचे जमिनीपासूनचे व्होल्टेज लिहा आणि जवळचे रेझिस्टर व कपॅसिटर कोणत्या पायांना जोडले आहेत त्याचे कागदावर चित्र काढा. एक विनंती मात्र आवर्जून करतो: हे काम गाडीवर करू नका. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलच्या त्या टोकावर २०० ते ४०० व्होल्टचा झटका उठतो, आणि मल्टिमीटरची कांडी घसरली तर तो आयसीत किंवा बोटात जातो. मीटर काढून टेबलावर ठेवा आणि १२ व्होल्टचा पुरवठा द्या.

कळमना_गॅरेज

जुना_सोल्डर यांनी सर्व सविस्तर लिहिलेच आहे. मला फक्त आकड्यांत एक गोष्ट दिसते. ८००च्या जागी साडेपाचशे आणि ३०००च्या जागी २०००, म्हणजे दोन्ही ठिकाणी जवळजवळ दोन तृतीयांश. बिघडलेली आयसी इतकी शिस्तीत चुकत नाही. आपला मीटर सहा सिलिंडरच्या गाडीचा आहे.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. चार सिलिंडरच्या पद्मिनीत म्हणून फेऱ्यामागे दोन ठिणग्या, आणि सहा सिलिंडरच्या गाडीत तीन. मीटर तीन ठिणग्या म्हणजे एक फेरा असे मोजत आहे आणि आपण त्याला दोनच देत आहात. पात्यांवरील १, १५, ३१ आणि ५८ हे आकडे जर्मन डीआयएन ७२५५२ या मानकातले आहेत: १ म्हणजे कॉइलचे पॉइंटकडील टोक, १५ इग्निशन चालू असताना मिळणारी वीज, ३१ जमीन आणि ५८ डायलच्या दिव्याची वीज. म्हणजे एखाद्या सहा सिलिंडरच्या युरोपीय गाडीचा तो अवयव दिसतो. बिचारा निरोगी आहे, फक्त चुकीच्या घरात आला आहे.

त्रिमूर्तीनगर_छंद

मी एक वेगळा सल्ला देतो. जुन्या बोर्डाच्या मागे लागण्यापेक्षा तो काढून टाकावा आणि ५५५ वापरून नवा बोर्ड करून मूळ काट्याला जोडावा. शंभर रुपयांतही काम होईल. अनोळखी आयसीसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. शिवाय पुढेमागे ती गेली तर दुसरी मिळणार नाही, ही भीती राहतेच.

जुना_सोल्डर

त्रिमूर्तीनगर_छंद, आपली सूचना चुकीची नाही, परंतु माझ्या मते ती इथे घाईची आहे. ५५५चा बोर्ड टेबलावर उत्तम चालतो आणि गाडीत मात्र पुरवठा १२ वरून १४ व्होल्टपर्यंत चढला की काटा पुढे सरकतो, कारण ५५५च्या ठोक्याची उंची पुरवठ्यावर अवलंबून असते. तेथे स्वतंत्र नियंत्रित पुरवठा द्यावाच लागतो. कॉइलच्या झटक्यांपासून बचावाची साखळीही नव्याने उभी करावी लागते. मूळ बोर्डावर या दोन्ही गोष्टी कोणीतरी गाडीचा विचार करून आधीच केलेल्या असतात, आणि त्या फेकून देण्यापूर्वी निदान एकदा समजून घ्याव्यात.

नव्या बोर्डाचा विचार एका प्रसंगी मात्र अगदी योग्य ठरतो. साठच्या दशकातील ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्सचे आरव्हीआय जातीचे मीटर येत. त्यांत आयसी नसतेच. कॉइलला जाणारी वीज एका वेटोळ्यातून नेलेली असते आणि त्या प्रवाहाच्या हिसक्यावर आतील ट्रान्झिस्टर चालतात. अशा मीटरला पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावले की तो कित्येकदा गप्प बसतो किंवा भलतेच दाखवतो.

उलट नंतरच्या काही गाड्यांत काट्यामागे काटकोनात दोन गुंडाळ्या आणि मध्ये चुंबक असतो. तेथे एलएम १८१९ किंवा चेरी कंपनीची सीएस २८९ यांसारखी आयसी एका गुंडाळीला साइन आणि दुसरीला कोसाइनच्या प्रमाणात प्रवाह देते. असा काटा ५५५ने चालणार नाही. म्हणून, महालवाले साहेब, काट्यामागून दोन तारा निघतात की चार, तेही पाहून ठेवा.

पद्मिनी_महाल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहा सिलिंडरची गोष्ट वाचून मी कपाळावर हात मारून घेतला, कारण डायलच्या कडेला भिंगातून पाहिल्यावर एक अगदी बारीक ६ खरोखरच दिसतो. आतापर्यंत मी त्याला धूळ समजत होतो.

रविवारी दुपारी सर्व मोजले. काट्यामागून दोनच तारा निघतात. १२.६ व्होल्टच्या बॅटरीवर वाचने अशी आली: आठवा पाय सरळ जमिनीला जोडलेला आहे. सहाव्या पायावर ७.५ व्होल्ट आहेत आणि त्याच्याकडे १५ क्रमांकाच्या पात्यापासून ४७० ओहमचा रेझिस्टर येतो. बोर्डावर त्या जागी वेगळा झेनर कोठेही नाही. पाचवा पाय सहाव्याला जोडलेला आहे. चौथा आणि सातवा पाय एकमेकांना जोडलेले असून तेथूनच एका रेझिस्टरमधून काट्याची एक तार निघते, दुसरी जमिनीला जाते. दुसऱ्या पायापासून जमिनीपर्यंत ०.०२२ मायक्रोफॅरडचा एक पिवळा पोलिएस्टर कपॅसिटर आहे. तिसऱ्या पायापासून जमिनीला एक मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि त्याला समांतर ६२ किलोओहमचा रेझिस्टर व त्याच्या मागे १० किलोओहमचा प्रीसेट. पहिल्या पायाकडे १ क्रमांकाच्या पात्यापासून एक मोठा रेझिस्टर, एक डायोड आणि एक छोटा कपॅसिटर यांच्यातून तार येते.

जुना_सोल्डर

आता शंका उरली नाही. ही एलएम २९१७ची आठ पायांची आवृत्ती आहे. सहाव्या पायावरील ७.५ व्होल्ट आणि बोर्डावर झेनर नसणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की २९०७ बाद होते. बाकीच्या जोडण्याही एकेक करून जुळतात: पहिला पाय ठोक्यांच्या प्रवेशाचा, दुसऱ्यावर भरण्या-रिकामे होण्याचा कपॅसिटर, तिसऱ्यावर सरासरी काढणारा रेझिस्टर आणि कपॅसिटर, पाचवा व चौथा आतील ट्रान्झिस्टरचे कलेक्टर व एमिटर, सातवा तुलनेच्या वर्धकाचा उलटा प्रवेश, सहावा पुरवठा आणि आठवा जमीन. चौथा व सातवा जोडल्यामुळे तिसऱ्या पायावर जे व्होल्टेज बनते तेच चौथ्यावर दमदारपणे उमटते आणि काट्याला मिळते.

हिशेब असा आहे. तिसऱ्या पायावरील व्होल्टेज म्हणजे ठोक्यांची सेकंदाला संख्या, पुरवठ्याचे व्होल्टेज, दुसऱ्या पायाचा कपॅसिटर आणि तिसऱ्या पायाचा रेझिस्टर या चौघांचा गुणाकार. सहा सिलिंडरच्या इंजिनात ७००० फेऱ्यांना सेकंदाला ३५० ठोके. प्रीसेटसह रेझिस्टर ६८ किलोओहम धरला तर ३५० गुणिले ७.५६ गुणिले ६८,००० गुणिले ०.०२२ मायक्रोफॅरड, म्हणजे सुमारे ३.९६ व्होल्ट. काटा शेवटच्या आकड्यावर पोहोचण्यासाठी त्याला हे ३.९६ व्होल्ट हवेत. पद्मिनीत ७००० फेऱ्यांना ठोके फक्त २३३ होतात. तेवढ्यातच ३.९६ व्होल्ट मिळवायचे तर रेझिस्टर दीडपट, म्हणजे १०२ किलोओहम हवा. ६२ किलोओहमच्या जागी ९१ किलोओहम आणि प्रीसेट १० ऐवजी २२ किलोओहमचा लावा, म्हणजे योग्य जागा प्रीसेटच्या मध्याजवळ येईल. रेझिस्टर मेटल फिल्मचा घ्या. आयसी बदलण्याची गरज नाही, आणि पुढे कधी लागलीच तर ती आजही मिळते.

पिवळ्या पोलिएस्टर कपॅसिटरला मात्र हात लावू नका. कोणी त्या जागी चकतीसारखा सिरॅमिक सुचवला तर नम्रपणे नकार द्या, कारण साध्या सिरॅमिकची क्षमता तापमानासोबत हलते, आणि या गुणाकारात तो कपॅसिटर थेट बसलेला असल्याने काटाही तेवढाच हलेल. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो ते आपणास सांगायला नको. एक मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक मात्र चाळीस वर्षांचा झाला आहे, तो १०५ अंशांच्या जातीचा नवा घालाच. आयडलला काटा थरथरतो त्याचे एक कारण तो सुकलेला असणे हेच असू शकते. दुसरे कारण असे की चार सिलिंडरला ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे सत्तावीसच ठोके येतात आणि त्यांच्यातील अंतर काट्याला जाणवू लागते. थरथर राहिली तर २.२ मायक्रोफॅरड वापरा, फक्त काटा मग थोडा आळशी होईल.

कळमना_गॅरेज

तपासण्यासाठी सिग्नल जनरेटर नसेल तर घरातली वीज वापरता येते. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे एक टोक ३१ला आणि दुसरे १ला जोडा. सेकंदाला ५० आवर्तने म्हणजे चार सिलिंडरच्या हिशेबाने १५०० फेरे. ट्रान्सफॉर्मरनंतर चार डायोडचा ब्रिज लावला तर सेकंदाला १०० ठोके होतात आणि काटा ३००० दाखवायला हवा. दोन बिंदू मिळाले की डायलची सरळ रेषा तपासून होते. ब्रिजचे ऋण टोक मग ३१ला जोडायचे आणि ट्रान्सफॉर्मरचे कोणतेही टोक जमिनीला ठेवायचे नाही, नाहीतर डायोड जळेल.

आठ पायांच्या २९१७ला एक खोड आहे: तिच्या प्रवेशाची तुलना आत जमिनीशीच होते, त्यामुळे आलेली लहर शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे गेली तरच ती मोजली जाते. ब्रिजमधून निघालेली लहर शून्याखाली जात नाही. आपल्या बोर्डावर पहिल्या पायाकडे येणारा छोटा कपॅसिटर ते काम करीत असावा, तरी काटा हलला नाही तर आयसीला दोष देऊ नका.

त्रिमूर्तीनगर_छंद

मी माझी सूचना मागे घेतो. पन्नास आवर्तनांची युक्ती मात्र वहीत उतरवून घेतली आहे.

पद्मिनी_महाल

उशिरा कळवत आहे, कारण २२ किलोओहमचा प्रीसेट पहिल्या दुकानात मिळाला नाही आणि दुसऱ्या दुकानदाराने आधी आयसी पाहायला मागितली.

बदल करण्यापूर्वी मुद्दाम जुन्या अवस्थेत ट्रान्सफॉर्मर लावून पाहिला. काटा बरोबर १०००वर उभा राहिला आणि चौथ्या पायावर ०.५७ व्होल्ट आले. जुना_सोल्डर यांच्या सूत्रात ५० घातले तर हेच उत्तर येते, हे पाहून मी चहा थंड होऊ दिला. नंतर ९१ किलोओहम, नवा प्रीसेट आणि नवा इलेक्ट्रोलिटिक बसवला. आता ५० आवर्तनांना काटा १५००वर आणि ब्रिजसह ३०००च्या केसभर खाली थांबतो. गाडीवर मेकॅनिकचा मीटर ८०० म्हणतो तेव्हा माझाही ८००च म्हणतो, आणि थरथर पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे.

कडेचा तो बारीक ६ खोडून ४ करावा असा पुतण्याचा आग्रह आहे. मी तो तसाच ठेवला आहे. डायलचा दिवा अजून लागत नाही, ५८च्या पात्याला वीज पोहोचते, म्हणजे बहुधा बल्बच गेला असावा. तो काढण्यासाठी डायल पुन्हा उघडावी लागेल, आणि सध्या तरी मला तो धीर नाही.